निळा गाळ

१

मारेगावचे फौजदार नेमसिंग राठोड ठाण्याच्या ओसरीत चहा पीत होते, तेव्हा मृदा केंद्राची जीप फाटकातून आत आली. जीप हाकत होते स्वतः केंद्राचे प्रमुख, डॉक्टर सदाशिवराव. त्यांचा ड्रायव्हर लग्नासाठी गावी गेला होता. खाली उतरल्याबरोबर, नमस्कारही न करता, त्यांनी सांगितलं की कोठीतला ड्रम रात्रीतून नाहीसा झाला आहे.

एका ड्रमासाठी मोठे साहेब स्वतः धावत आले, याचं नेमसिंगांना नवल वाटलं. ड्रममध्ये काय होतं ते ऐकल्यावर मात्र त्यांनी कप खाली ठेवला.

सन १९६४ चा एप्रिल होता. परदेशात अणुबॉम्बच्या चाचण्या होत आल्या होत्या आणि त्यांची धूळ वाऱ्यापावसाबरोबर कुठेही उतरते, हे पेपरातून सगळ्यांना कळलं होतं. ती धूळ उद्या आपल्या शेतांवर उतरली तर माती साफ कशी करायची, याचा प्रयोग मारेगावपासून कोसभर अंतरावरच्या या केंद्रात चालला होता. सिमेंटच्या हौदांत कपाशीची काळी माती घ्यायची, तिच्यात मुद्दाम थोडं किरणोत्सारी सीझियम कालवायचं, मग लोहाच्या क्षाराच्या आणि पोटॅशच्या पाण्याने ती पुन्हा पुन्हा धुवायची. विष मातीतून सुटून पाण्यात उतरतं. त्या पाण्यात आणखी एक रसायन टाकलं की विष धरून निळा गाळ तळाशी बसतो. माती स्वच्छ, पाणी स्वच्छ आणि सगळं विष गाळात. तोच गाळ त्या लहान ड्रममध्ये होता. तो मोजायला दिल्लीची समिती येत्या आठवड्यात यायची होती.

“दिसायला अगदी नीळ,” सदाशिवराव म्हणाले. “कोणी भिंतीला लावला, कोणी कपड्याला दिला, तर मी काय सांगू तुम्हाला.”

लग्नसराई होती. गावोगाव घरांना चुना लागत होता आणि चुन्यात घालायला नीळ ज्याला त्याला हवी होती.  कोठीच्या किल्ल्या कोणाकडे असतात, असं नेमसिंगांनी विचारलं.

“एक माझ्याकडे. दुसरी रात्रीच्या चौकीदाराकडे. भीमसिंग, सेवादास नायकाच्या तांड्यातला.” सदाशिवरावांनी नेमसिंगांकडे पाहिलं. “म्हणजे तुमच्याच समाजाचा.”

२

कोठीचं कुलूप शाबूत होतं. आत ड्रम होता त्या जागी गोल ओला डाग आणि त्याच्याभोवती निळे शिंतोडे पडले होते. तिथे कोकिळा काळमेघ उभी होती. अमरावतीची ही तरुण बाई केंद्राची रसायनतज्ज्ञ होती. तिच्या गळ्यात किरणोत्सार मोजायची पेटी होती. त्या पेटीला मजूर टिकटिकी म्हणत. विष जवळ आलं की ती टिकटिक करते, जास्त असलं की टिकटिक सलग होऊन जाते, एवढं नेमसिंगांना पुरेसं होतं.

हातमोज्यांशिवाय कोणी जवळ जायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम. कोकिळाने हातमोजे घातले आणि पेटीची नळी एका शिंतोड्यावर धरली. टिक. बऱ्याच वेळाने पुन्हा टिक. तिने कपाळाला आठी घातली, पेटी हलवून पाहिली.

“सेल उतरले असतील,” सदाशिवराव म्हणाले. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, उकिडवे बसले आणि शिंतोडे पुसून घेतले. कोणाच्या पायाला लागायला नकोत, असं काहीसं ते पुटपुटले आणि रुमालाची घडी करून त्यांनी तो परत खिशात ठेवला.

बाहेर चौकीदाराच्या स्टुलाखाली भीमसिंगच्या चपला पडल्या होत्या. कोकिळाच्या हातातली नळी खाली लोंबत त्यांच्या बाजूने गेली आणि पेटी एकाएकी कडाडली. गरम खापरावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला. दोन मजूर होते ते मागे सरकत भिंतीला टेकले. पन्नाशीतला भीमसिंग अनवाणी उभा राहून आपल्याच चपलांकडे बघत राहिला, जणू त्या दुसऱ्या कोणाच्या आहेत.

“साहेब,” तो नेमसिंगांना म्हणाला, “मी त्या डरमाले हात नाई लावला.”

सदाशिवराव फाटकाकडे तोंड करून उभे होते. आपल्याला फार वाईट वाटतं, असं ते म्हणाले.

नेमसिंगांनी भीमसिंगला जीपमध्ये बसवलं. त्यांचा स्वतःचा जन्म उमरखेडकडच्या बंजारा तांड्यातला. त्यांच्या आज्याच्या काळी मुलखात कुठेही चोरी झाली की पोलीस आधी तांड्याची झडती घेत. आज तांड्याची झडती घ्यायला जाणारा पोलीस ते स्वतः होते.

३

दुपारपर्यंत यवतमाळहून फोन आला. वरिष्ठांनी भीमसिंगकडून कबुली घ्यायला सांगितली आणि शेवटी सुचवलं की राठोडांनी या प्रकरणात जरा जपून असावं, लोक बोलतात. लोक बोलतच होते. बाजारात एकाने ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की फौजदार त्यांचा आणि चोरही त्यांचाच.

भीमसिंगने कोठडीत एकच गोष्ट परत परत सांगितली. रोजच्यासारखा तो सांजेला जेवायला तांड्यात गेला होता, परत आला तेव्हा कुलूप जागेवर होतं, सकाळी साहेबांनी कोठी उघडली तेव्हा ड्रम नव्हता. चपलेला काय लागलं असेल, असं नेमसिंगांनी विचारलं.

“माती लागली असंन. घरी मातीच, केंद्रातबी मातीच.”

नेमसिंग नंतर भगवानरावांकडे गेले. केंद्राची जमीन पूर्वी यांचीच, सरकारने घेतलेली. कपाशी-तुरीचे हे मोठे शेतकरी ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर म्हणाले होते की हे विषाचं दुकान मी बंद पाडीन. त्यांनी ते नाकारलं नाही.

“बोललो होतो. नाई काहून म्हणू? पण विष चोरून मी ठेवीन कुठं, माह्या लेकराबाळांत?” रागापेक्षा त्यांच्या आवाजात भीतीच जास्त होती. गड्यांना त्यांनी सकाळपासून गोठ्यातला कानाकोपरा तपासायला लावलं होतं.

संध्याकाळी नेमसिंग, कोकिळा, सदाशिवराव आणि दोन शिपाई तांड्यात पोचले. भीमसिंगची सून जमनी दारात आली. तिचा नवरा ट्रकवर होता, आठ दिवस तरी येणार नव्हता. घरात ती आणि तिची रांगायला लागलेली मुलगी. पाहुणे कशासाठी आलेत ते माहीत असूनही तिने नेमसिंगांना भिया, म्हणजे भाऊ, म्हटलं आणि ओट्यावर बसवून चहा दिला. सासऱ्याबद्दल ती एवढंच म्हणाली की त्यांनी आजवर कोणाच्या शेतातलं बोंडही उचललेलं नाही. मुलगी आतल्या भुईवर उघड्या अंगाने रांगत होती. काही तरी बोलायचं म्हणून नेमसिंगांनी भुई छान सारवली आहे म्हटलं. जमनीचा चेहरा जरा उजळला. ही माती चिरत नाही, ती म्हणाली. आपली काळी माती उन्हाळा लागला की बोट जाईल एवढी भेगाळते, ही मात्र दिवाळीपासून जशीच्या तशी आहे.

तेवढ्यात शिपाई घाबरून बाहेर आला. आतल्या भिंती निळसर होत्या, ताज्या.

सगळे उठले. जमनी सांगत होती की नीळ बाजारातली आहे, चुलत नणंदेच्या लग्नासाठी आणलेली, पण तिचं कोणी ऐकेना. कोकिळाने नळी भिंतीवर धरली. एक भिंत झाली, दुसरी झाली, चूल होती ती भिंत आली. पेटी जवळजवळ गप्प होती. जमनीने सुस्कारा टाकला. रांगत आलेली मुलगी पायात येऊ नये म्हणून कोकिळा तिला उचलायला खाली वाकली.

आणि पेटी कडाडली.

४

ड्रम भुईखाली पुरला आहे, असं सदाशिवराव लगेच म्हणाले. मुलीला घेऊन जमनीला बाहेर काढलं. शिपायांनी कुदळी आणल्या. वरचा काळा थर वीतभरही जाड नव्हता, त्याच्याखाली जुना पिवळा मुरूम लागला. कमरेइतकं खणलं तरी ड्रम नव्हता. मुरुमावर पेटी गप्प होती, बाजूला टाकलेल्या काळ्या ढेकळांवर मात्र किंचाळत होती. सदाशिवराव म्हणाले की चौकीदाराने हातापायाने गाळ घरभर केला असणार. कोकिळाने एक काळं ढेकूळ फोडलं आणि नळी पुन्हा त्यावर धरली. नेमसिंगांनी तिला काही विचारायचं ठरवलं, तोच सदाशिवरावांनी उशीर झाल्याचं सांगून तिला जीपमध्ये बसवलं.

ती रात्र जमनीने मुलीला घेऊन मोहाच्या झाडाखाली काढली.

सकाळी भगवानरावांचा गडी धावत ठाण्यात आला. त्यांच्या शेतातल्या विहिरीचं पाणी निळं झालं होतं.

नेमसिंग पोचले तेव्हा विहिरीभोवती अख्खं गाव आणि अख्खा तांडा जमला होता. एप्रिलमध्ये आसपास पाण्याची हीच एक जागा. गुरं तहानेने हंबरत होती आणि माणसं त्यांना दोरीने मागे ओढत होती. गळ टाकून ड्रम वर काढला. झाकण तळाशी गेल्यावर हळूहळू सुटलं असावं, आत निळ्या पाण्याशिवाय काही उरलं नव्हतं. सदाशिवरावांनी विहीर बंद करायचा हुकूम सोडला. आता गाळ मोजण्याचा प्रश्नच उरला नाही, ते म्हणाले, सगळा पाण्यात गेला. समितीला तसं कळवावं लागेल.

भगवानराव धोंड्यावर बसले होते.  “परवा रातच्याले माहे बैल बिचकले होते,” ते म्हणाले. “गाडीची घुरघुर आली. म्या म्हटलं, केंद्राची गाडी, रोजचीच आहे, कायले उठता.”

गर्दीतून कोणी तरी दगड मारला. तो तांड्यातल्या एका म्हाताऱ्याच्या खांद्याला लागला. पाणी यांनीच नासवलं, असा आवाज आला आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे सरकू लागली. नेमसिंग मध्ये जाऊन उभे राहिले. दिवस मावळायच्या आत विहिरीचा निकाल लावतो, असं ते बोलून गेले. कसा लावणार हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

५

ते सरळ कोकिळाच्या खोलीवर गेले. ती सामान बांधत होती. राजीनामा देऊन अमरावतीला जाणार, म्हणाली. नेमसिंगांनी तिला थांबायला सांगितलं आणि दारातच खुर्ची ओढून बसले.

“बाई, मी रसायन शिकलेलो नाही. मला फक्त जे दिसलं ते सांगतो, चुकलं तर थांबवा. कोठीत निळे शिंतोडे होते, तिथे पेटी गप्प होती. डॉक्टर म्हणाले सेल उतरले. मग पाच पावलांवर चपलांपाशी ती कडाडली कशी? उतरलेले सेल दारातून बाहेर येताना भरले का? तर सेल ठीक होते. म्हणजे शिंतोड्यांतच विष नव्हतं. चपला मी ठाण्यात नेऊन उलट्यासुलट्या पाहिल्या, त्यांना निळा ठिपका नाही. जमनीच्या भुईलाही नाही. निळं आहे तिथे आवाज नाही आणि आवाज आहे तिथे निळं नाही. आपण सगळे निळ्याच्या मागे धावतो आहोत, आणि विष दुसरीकडेच आहे.”

कोकिळा हातातली साडी तशीच धरून उभी होती.

“जमनीच्या घरातली ती माती कुठून आली?” त्यांनी विचारलं.

उत्तर तिला आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं. दिवाळीआधी हौदातली धुतलेली माती वाळवून, चाळून मजुरांना वाटली होती. मोठे पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर सदाशिवरावांनी ती ओंजळीत घेऊन दाखवली आणि म्हणाले, हिच्यात आता काही नाही, खुशाल घरी न्या. भीमसिंगने दोन पोती नेली, आणि तीच माती त्याच्या चपलांना लागली असणार. क्षार मुरल्यामुळे ती माती फुगत नव्हती, चिरत नव्हती, म्हणून बायकांना आवडली.

“काळी माती सीझियम सोडत नाही,” कोकिळा म्हणाली. “कणाच्या पापुद्र्यांत ते अडकून बसतं. मला शंका होती. पण माती मोजायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंच नाही, मी फक्त रसायनं कालवायची. काल त्या ढेकळांवर पेटी वाजली तेव्हा मला कळलं. आणि मी गप्प बसले.”

म्हणजे गाळात काहीच उतरलं नव्हतं. धुणं सगळं वाया गेलं होतं. समितीने येऊन तो गाळ मोजला असता तर एका दिवसात हे उघडं पडलं असतं.

नेमसिंगांना रुमाल आठवला. पाहुण्यांना हातमोजे घातल्याशिवाय हौदाजवळ जाऊ न देणारा माणूस उघड्या हाताने ते शिंतोडे पुसतो आणि रुमाल खिशात ठेवतो. गाळ पोकळ आहे हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तोच असं करील. किल्ली त्याच्याकडे, जीप तोच हाकतो, आणि ड्रम पाण्यात गेल्याने फायदा एकट्या त्याचाच.

“विहिरीचं काय?” त्यांनी विचारलं. 

कोकिळाने साडी टाकली आणि पेटी उचलली. विहिरीचं पाणी बादलीत काढून तिने त्यात पांढरं फडकं बुडवलं, उन्हात वाळवलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा वाळवलं. फडकं गडद निळं झालं. ओल्यात आवाज लपतो, सुक्यात लपत नाही, असं तिने जमलेल्यांना समजावून सांगितलं. मग नळी फडक्यावर टेकवली. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. टिक. आणि नंतर इतका वेळ शांतता की एक म्हातारी पुटपुटली, बंद पडलं काय?

पेटी बंद पडली नव्हती. विहिरीत विष नव्हतं. रसायनासाठी पाणी चार दिवस उपसून टाकायला तिने सांगितलं, तोवर मारेगावहून टँकर येणार होते. भगवानराव धोंड्यावरून उठले आणि कोणाकडे न बघता तांड्याच्या माणसांना म्हणाले की टँकर आला की पहिलं पाणी तुम्ही भरा.

६

सदाशिवराव आपल्या खोलीत बसले होते. समोरचं जेवण झाकलेलंच होतं. नेमसिंगांनी बसल्याबसल्या सगळं सांगितलं, आवाज न चढवता. निळ्या फडक्याचा उल्लेख आला तेव्हा सदाशिवरावांनी डोळे मिटले.

ते लबाडीने सुरू झालं नव्हतं, असं ते म्हणाले. पहिल्यांदा मोजली तेव्हा माती खरंच साफ भरली होती. ओल्या ढेकळांचा वरचा पापुद्रा धुतला गेला होता, विष आत होतं, आणि त्यांना जे हवं होतं तेच पेटी सांगत होती, म्हणून त्यांनी पुन्हा तपासलं नाही. समिती येणार म्हणून पंधरवड्यापूर्वी त्यांनी गाळ स्वतः मोजला. तो गप्प होता. त्या दिवशी ते रात्रभर जागे होते. ड्रम नाहीसा झाला तर पुढच्या हंगामात प्रयोग नव्याने करता येईल, चूक सुधारता येईल, असं त्यांनी स्वतःला पटवलं. कोणाचं नुकसान होणार नव्हतं, असंही ते म्हणाले.

“गाळ गप्प आहे म्हणजे विष मातीत राहिलं, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं,” नेमसिंग म्हणाले.

“हो.”

“आणि माती कोणाच्या घरात आहे हेही माहीत होतं.”

सदाशिवरावांनी मान हलवली.

“काल मुलगी त्या भुईवर रांगत होती, तुम्ही दारात उभे होता. पंधरा दिवस ती रोज तिथेच रांगली, डॉक्टर. तुम्ही ड्रम शोधायला पोलीस आणले.”

सदाशिवरावांनी काही तरी सांगायचा प्रयत्न केला, मात्रा फार थोडी होती असं काहीसं.  मग त्यांनी कोट घातला आणि ते स्वतःहून दारापाशी येऊन उभे राहिले.

भीमसिंग त्याच दिवशी सुटला. नोकरी परत देऊ केली ती त्याने घेतली नाही. नेमसिंग त्याला आणि कोकिळाला घेऊन तांड्यात गेले, कारण पुढचं काम इतर कोणी करण्यासारखं नव्हतं. जमनीला सांगायचं होतं की तिच्या दारात कोणी चोर आला नव्हता, तिनेच स्वतःच्या हातांनी, शेण कालवून, ते विष आपल्या भुईला सारवलं होतं. त्यांनी ते जमेल तितकं सोपं करून सांगितलं. ती रडली नाही. मुलीला काय होईल, एवढंच तिने विचारलं. कोकिळाने खरं ते सांगितलं, की कदाचित काहीच होणार नाही, आणि नक्की कोणालाच सांगता येत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं.

धुतलेली माती आणखी चार घरांत निघाली. कोणाच्या चुलीत, कोणाच्या कणगीला, एकीच्या तुळशीत. कोकिळा पेटी घेऊन घरोघर फिरली, माती पोत्यांत भरून केंद्राच्या हौदात परत गेली आणि हौदावर लोखंडी झाकण बसलं. घरं आता राहण्यासारखी आहेत, असा निर्वाळा तिने दिला. पण तांड्याचा मुखिया सेवादास नायक सगळ्यांना एकत्र बसवून म्हणाला, ज्या भुईवर लेकरू ठेवायला हात धजत नाही ती भुई आपली नाही. तांड्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथे घातले होते. मग लोक थांबले, शेतं घेतली, दोन पिढ्या एका जागी राहिले. त्या मे महिन्यात त्यांनी पुन्हा गाड्या भरल्या. भगवानरावांनी आपले बैल दिले.

नवी जागा अर्ध्या कोसावर, टेकाडाच्या उतारावर होती. जमनीने सामान उतरवू दिलं नाही. तिने आधी कोकिळाला पुढे घातलं आणि सगळ्या उतारावर पेटी फिरवायला लावली. मुलीला कडेवर घेऊन ती मागोमाग चालत होती, तिच्या मागे नेमसिंग.

टिक, पेटी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, टिक.

जमनी थांबली. हे कायचं, असं तिने विचारलं. कोकिळा म्हणाली की हे एवढं सगळीकडेच असतं, दगडात असतं, आभाळातून येतं, जगात अशी जागा नाही जिथे पेटी पूर्ण गप्प बसेल.

“मंग आम्ही आता कसं ओळखाचं, बाई?”

कोकिळाने पेटीचं बटण बंद केलं. बायका गाड्यांवरून खाटा उतरवू लागल्या, कोणी तरी तीन दगड मांडून चूल पेटवली. मुलगी कडेवरून खाली उतरायला धडपडत होती, हातपाय झाडत होती. जमनी तिथेच उभी राहिली. सांज पडली तरी तिने पोरीला खाली ठेवलं नाही.